रीफ टँकमधलं लाल शेवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावून काही महिने झाले की एक दिवस वाळूवर नाहीतर दगडावर काहीतरी लाल दिसतं. त्यानंतरचे प्रश्न बहुतेक सगळ्यांचे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

टाकीत लाल शेवाळ आलंय. काय टाकू?

आज काहीही टाकू नका. आधी ते नेमकं काय आहे ते बघा. सगळे ज्याला सरसकट 'लाल शेवाळ' म्हणतात, त्यात एक जीवाणू असतो, एक खरंखुरं शेवाळ असतं आणि एक दगडासारखं कडक कवच असतं, जे खरं तर टाकीत हवंच असतं. जीवाणूवर चालणारं औषध शेवाळाच्या केसालाही धक्का लावत नाही. शेवाळासाठी केलेली उपासमार कोरलला आधी भोवते. निम्म्याहून अधिक पैसा आणि मासे याच घाईत जातात, असं माझं मत आहे.

मग ओळखायचं कसं?

पंप बंद करा, एक मोठी सिरिंज किंवा लांब पिपेट घ्या आणि त्या लाल भागावर पाण्याचा झोत सोडा.

ओल्या चादरीसारखा बुळबुळीत थर अख्खा उचलून आला तर तो सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्या थराखाली हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, दुपारनंतर जास्त. सकाळी दिवे लागायच्या आधी बघितलंत तर वाळू बरीच साफ वाटते, आणि संध्याकाळपर्यंत थर पुन्हा जमलेला असतो.

झोत मारूनही जागचं हललं नाही, नुसतं डोललं, चिमट्यात धरून ओढलं तर दगडाचा कण घेऊनच आलं, तर ते खरं लाल शेवाळ. आणि डोलतही नाही, नखाने सुटत नाही, पात्याने खरवडलं तर खडूसारखा चुरा पडतो, ते कोरलाइन, म्हणजे दगडासारखं कडक होणारं तांबडं शैवल.

खरा घोटाळा होतो तो डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशी सूक्ष्मजीवांमुळे. हे तपकिरी असतात, शेंबडासारखे तंतू काढतात आणि तंतूच्या टोकाला बुडबुडा धरून ठेवतात. पिवळट उजेडात तो तपकिरी रंग सहज लालसर दिसतो. शंका असेल तर थोडा नमुना टाकीच्याच पाण्यात बरणीत घालून जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तंतू जमले तर डायनो. ४०० पट मोठं दाखवणारं साधंसं सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर प्रश्नच मिटतो: सायनोचे धागे शिस्तीत एकाला एक लागलेल्या पेशींचे दिसतात, डायनो मात्र सुटे सुटे फिरत असतात. डायनोमध्ये ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर तो विषारी असतो आणि गोगलगायी मरायला लागतात, म्हणून ही ओळख नुसत्या हौसेची नाही.

नव्या टाकीत वाळूवर बसलेली तपकिरी पूड म्हणजे डायटम, एकपेशी सूक्ष्म शैवलं. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते आपोआप जातात. त्यांच्या मागे लागू नका.

सायनो जीवाणू असेल तर त्याला शेवाळ का म्हणतात? आणि तो लाल का?

गंमत अशी, की मराठी पुस्तकांत याच गटाला 'नील-हरित शैवले' म्हणतात, आणि टाकीत ते जांभळाच्या डागासारखे तांबडे दिसतात. पूर्वी पाण्यात राहून उजेडावर अन्न बनवणारं असलं सगळंच शैवलात धरायचे, ते नाव चिकटलं. पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे हे जीवाणूच. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे, तेव्हा आपल्या टाकीतल्या चार दगडांवर त्यांनी हक्क सांगितला तर फार नवल नाही.

लाल रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते हिरवा आणि निळसर-हिरवा प्रकाश शोषून घेतं, उरलेला लाल आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. खऱ्या तांबड्या शैवलातही हेच रंगद्रव्य असतं, कारण त्यांच्या पेशीतलं हरितलवक मुळात कधीकाळी गिळलेल्या सायनोबॅक्टेरियापासूनच आलं आहे. म्हणजे दोघांचा रंग एकाच घराण्यातला, आणि म्हणूनच रंगावरून ओळख पटत नाही. तांबड्या समुद्राचं नावसुद्धा ट्रायकोडेस्मियम या सायनोच्या तवंगावरून पडलं असावं असं म्हणतात.

माझ्याकडे सायनोच आहे. तो आला कशामुळे?

बहुधा एका कारणाने नाही. दगडामागच्या कोपऱ्यात पाणी थांबतं, तिथे उरलेलं खाणं आणि विष्ठा साचते, आणि त्या साक्यावर सायनो बसतो. कोरड्या अवस्थेत विकत घेतलेले दगड महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडत राहतात. व्होडका किंवा व्हिनेगरमधल्या कार्बनवर जीवाणू पोसून नायट्रेट उतरवणाऱ्यांनी मात्रा घाईने वाढवली तर तो कार्बन सायनोलाही मिळतो. दिव्यांच्या जुन्या नळ्यांचा रंग पिवळट झाला असेल तर त्याचाही हात असतो. टाकी तीन-चार महिन्यांची असेल तर यातलं काहीच नसतानाही सायनो येतो. दगडावरची जागा अजून कुणी व्यापलेली नसते, एवढंच.

पण माझं नायट्रेट शून्य आहे. मग तो जगतो कशावर?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि याचं उत्तर दोन पदरी आहे.

पहिलं म्हणजे ते शून्य बहुधा खरं नसतं. टेस्ट किट पाण्यात उरलेलं मोजतं, शेवाळाने आधीच ओढून घेतलेलं मोजत नाही. ताट रिकामं दिसतं ते जेवण झालेलं असतं म्हणून.

दुसरं, सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून स्वतःचं खत बनवू शकतात. नायट्रेट खरोखर शून्याला टेकलं आणि फॉस्फेट शिल्लक राहिलं, तर बाकीचे सगळे उपाशी आणि यांना मात्र पंगत, अशी स्थिती येते. म्हणून सायनो असताना नायट्रेट थोडं वाढवल्यावर तो मागे हटल्याचा अनुभव बरेच जण सांगतात. मासे जरा जास्त खायला घालून किंवा शुद्ध सोडियम नायट्रेटचं पातळ द्रावण घालून हे करता येतं. रोज थोडं घाला, रोज मोजा.

साधारण नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात बहुतेक टाक्या सुखात असतात. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांमधलं नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण मांडलं. पुढे १६ ला १ म्हणून प्रसिद्ध झालेलं ते हेच, आणि नायट्रेट-फॉस्फेटच्या वजनात ते साधारण १० ला १ पडतं. ते समुद्राचं निरीक्षण आहे, टाकीची पाककृती नव्हे. त्या आकड्यामागे दशांशापर्यंत धावणाऱ्यांच्या टाक्या मी इतरांपेक्षा चांगल्या पाहिलेल्या नाहीत.

जाता जाता: फॉस्फरस पीपीबीत (अब्ज भागांत किती भाग) दाखवणारं मीटर वापरत असाल तर त्या आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे फॉस्फेटचं पीपीएम मिळतं. १० पीपीबी फॉस्फरस म्हणजे साधारण ०.०३ पीपीएम फॉस्फेट. हा गुणाकार विसरून घाबरणारे कमी नाहीत.

सायनो काढायचा कसा?

सायफनने, आणि दिवसाच्या उत्तरार्धात. सकाळी थर विरलेला असतो, हाती लागत नाही. दिवे मालवायच्या तासभर आधी तो जाड आणि एकसंध असतो, बारीक नळी लावली की साल निघावी तसा ओढला जातो. नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या (गाळणीच्या जोडटाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे कापडी गाळणपिशवीत, सोडलं तर थर तिथे अडकतो, पाणी टाकीतच राहतं आणि तुम्ही निवांत अर्धा तास काम करू शकता. सॉक मात्र लगेच काढून धुवा, नाहीतर कचरा या खोलीतून त्या खोलीत नेल्यासारखं होईल.

मग प्रवाह बघा. रीफ टाकीत ताशी टाकीच्या आकारमानाच्या २० ते ४० पट पाणी फिरायला हवं असं धरतात, पण एकूण आकड्यापेक्षा ते कुठे पोचतं हे महत्त्वाचं. थोडं खाणं सोडून बघा. कण जिथे येऊन पडतात आणि हलत नाहीत, तिथेच सायनो पुढच्या आठवड्यात येणार. पॉवरहेडचं (टाकीतल्या प्रवाहाच्या पंपाचं) तोंड बोटभर वळवल्याने जे साधतं ते औषधाच्या बाटलीने साधत नाही.

बाकी नेहमीचंच: गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन घाला, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप भरेपर्यंत वाट पाहू नका, आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा.

तीन दिवस अंधार केला तर?

सायनोवर चालतो. दिवे पूर्ण बंद, टाकी कापडाने झाकलेली, ७२ तास. आधी सायफन करून जेवढं निघेल तेवढं काढा, कारण जे मरेल ते आतच सडेल. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा, अंधारात कुणीच प्राणवायू बनवत नाही. माशांचं खाणं अगदी नाममात्र. निरोगी कोरल तीन दिवस सहज काढतात, वादळी हवेत समुद्रातही उजेड बराच कमी होतो. मात्र अंधाराने थर जातो, कारण जात नाही. दिवे परत लावताना एकदम पूर्ण तेजावर नेऊ नका.

सायनोचं औषध वापरू का?

वरचं सगळं करून महिना झाला आणि कोरल गुदमरायला लागले असतील, तर वापरा. सायनो जीवाणू असल्याने एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक त्याला मारतं, आणि झपाट्याने मारतं. धोका त्या झपाट्यातच आहे. मेलेला थर सडताना पाण्यातला प्राणवायू खातो, मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. त्यामुळे औषध घालण्याआधी हातानं थर काढा, एअर स्टोन जोरात चालवा, यूव्ही दिवा आणि कार्बन (औषध शोषून घेणारा कोळशाचा फिल्टर) बंद ठेवा. स्किमर वेड्यासारखा फेस काढून उतू जाईल. कप काढून ठेवा, पंप हवेसाठी चालू द्या. पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर मोठा पाणीबदल करा आणि मग कार्बन लावा. मात्रा टाकीच्या कागदावरच्या लिटरवर काढू नका. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून खरं पाणी किती आहे ते धरा.

पाणी साचणारा कोपरा तसाच राहिला तर सायनो दोन महिन्यांत परत येतो, आणि अँटिबायोटिकची सवय लागलेला जीवाणू ही कुठेच चांगली गोष्ट नाही.

माझं लाल शेवाळ दगडाला घट्ट चिकटलेलं आहे. हे काय प्रकरण आहे?

हे प्रकरण चिवट आहे. इथून पुढे महिन्यांचा हिशेब करायचा, आठवड्यांचा नाही.

टाकीत प्रामुख्याने तीन रूपं दिसतात. एक गालिच्यासारखं आखूड, दाट, गडद तांबडं टर्फ. पॉलिसिफोनिया आणि तिच्या नात्यातल्या जाती यात येतात. दुसरं तारेसारखं राठ, फांद्या फुटलेलं, जेलिडियमच्या जातीचं. चिमट्याने ओढलं तर शेंडे हातात येतात आणि बूड दगडातच राहतं. तिसरं गुलाबी, पिंजलेल्या कापसाच्या बोंडासारखं. ते ॲस्पॅरागॉप्सिसचं एक रूप.

या तिसऱ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. कापसाचं हे बोंड आणि पिसासारखं मोठं ॲस्पॅरागॉप्सिस या दोन निराळ्या वनस्पती समजून शास्त्रज्ञांनी बोंडाला फाल्केनबर्गिया असं वेगळं नाव दिलं होतं. नंतर कळलं की ही एकाच शेवाळाच्या आयुष्यातली दोन रूपं आहेत. तांबड्या शैवलांमध्ये असं होतं. नोरीचंही, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या शेवाळाचंही, तेच. ब्रिटनमधल्या शैवलतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवलं की नोरीचं शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्याच्या कवचात, डोळ्याला न दिसणाऱ्या धाग्यांच्या रूपात काढतं, आणि त्यावरच जपानची नोरीची शेती पुढे उभी राहिली. आपल्यासाठी यातला मुद्दा असा, की दगडावरून शेवाळ दिसेनासं होणं म्हणजे ते संपणं नव्हे.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तांबड्या शैवलांच्या कोणत्याही बीजाणूला शेपूट नसतं. पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे जायचं. त्यामुळे पसरण्याचा मोठा मार्ग म्हणजे प्रवाह आणि तुटलेले तुकडे. तुकडे करणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

हाताने काढताना तुकडे पसरू नयेत म्हणून काय करावं?

दगड बाहेर काढता येत असेल तर बाहेरच काढा. टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत, कडक ब्रशने आणि चिमट्याने, बूड निघेपर्यंत. त्या बादलीचं पाणी फेका, टाकीत परत ओतू नका. दगड स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून मगच ठेवा.

दगड हलवता येत नसेल तर टूथब्रश सायफनच्या नळीच्या तोंडाशी बांधा. घासाल तसं निघालेलं सगळं नळीत जातं. पंप बंद हवेतच. तारेसारख्या शेवाळाचं बूड छिन्नीने दगडाच्या टवक्यासकट उडवणं जास्त खात्रीचं, आणि उरलेल्या भोकावर इपॉक्सी पुट्टी दाबून बसवली तर आतलं गुदमरतं. एका बैठकीत सगळी टाकी साफ करायला जाऊ नका. एक दगड घ्या, तो नीट करा, पुढच्या आठवड्यात पुढचा.

दिवे कमी केले तर हेही मरेल ना?

नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो. टर्फला सायनोसारखंच समजून तीन दिवस अंधार केला, फरक दिसेना म्हणून दहा दिवसांनी पुन्हा केला. कोरल फिकट पडले, टर्फ मात्र होतं तसंच टवटवीत. नंतर वाचताना लक्षात आलं, की फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्यच खोल पाण्यात पोचणाऱ्या निळसर-हिरव्या उजेडावर जगण्यासाठी आहे. बहामाजवळ १९८४ मध्ये २६८ मीटर खोलीवर कोरलाइन प्रकारचं तांबडं शैवल सापडलं आहे. तिथे जगू शकणाऱ्या कुळाला आपण दिवे दोन तास कमी करून काय घाबरवणार?

फॉस्फेट पूर्ण शून्यावर आणलं तर?

तर आधी कोरल पांढरे पडतील आणि मागोमाग डायनो येतील, ज्यांच्यापुढे लाल टर्फ म्हणजे पाहुणा वाटावा. फॉस्फेट ०.३ पीपीएम असेल तर ते ०.१ च्या खाली आणणं शहाणपणाचं. जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे वापरत असाल तर सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा, कारण झटक्यात उतरलेलं फॉस्फेट कोरलला सोसत नाही. सम्पमध्ये कीटोमॉर्फा या हिरव्या शेवाळाचा गुच्छ वाढवणं मला जास्त आवडतं. तो सावकाश खातो आणि जास्त झाला की कापून काढता येतो.

हे शेवाळ कोण खातं?

इथे आशा आणि निराशा दोन्ही आहेत.

माझ्या मते पहिला मान अर्चिनचा, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री प्राण्याचा. ट्रिपन्यूस्टेस ग्राटिला ही जात तांबड्या शैवलावर अक्षरशः नांगर फिरवते. हवाईमधल्या कानेओहे उपसागरात १९७० च्या दशकात शेतीसाठी आणलेलं कॅपाफायकस हे तांबडं शैवल प्रवाळांवर पसरलं, तेव्हा तिथे काय केलं? पाणबुड्यांनी हाताने उपटलं, तराफ्यावरच्या मोठ्या पंपाने वर ओढून घेतलं आणि मग उरलेल्या बुडख्यांवर हेच अर्चिन वाढवून सोडले. आधी हात, मग तोंड. टाकीतही क्रम हाच. लांब वाढलेल्या जंगलात अर्चिन सोडून बघत बसलात तर तो सोपं ते खातो आणि राठ ते सोडतो. आपण छाटून आखूड केलं की नवे कोंब त्याच्या दातांना सोपे जातात.

अर्चिनचे तोटेही ऐका. ते कोरलाइनही खरवडतात, न चिकटवलेले फ्रॅग (कोरलचे लहान तुकडे) पाडतात, आणि ट्रिपन्यूस्टेस तर शिंपले, फ्रॅग, जे सापडेल ते डोक्यावर घेऊन मिरवतो. लहान टाकीत त्याला पुरेसं खाणं मिळत नाही. तिथे मेस्पिलिया, म्हणजे टक्सीडो अर्चिन बरा. डायडेमाचे लांब काटे हाताला लागतात, विचार करून घ्या.

माशांत झेब्रासोमा जातीचे टँग आणि रॅबिटफिश कुळातला फॉक्सफेस. दोघांनाही मोठी टाकी लागते, आणि फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात. कोले टँगचे दात बारीक केसांसारखे, तो दगडावरची बुरशीसारखी पुटं खरवडतो, झुबके तोडत नाही. त्याच्याकडून टर्फची अपेक्षा करू नका. ॲस्पॅरागॉप्सिसला तर बहुतेक मासे तोंड लावत नाहीत, कारण त्यात ब्रोमोफॉर्मसारखी रसायनं असतात. गाईगुरांच्या पोटातला मिथेन कमी करायला हे शेवाळ खाद्यात मिसळतात, ते याच रसायनांमुळे.

गोगलगायींपैकी ट्रोकस आणि टर्बो छाटलेल्या दगडावरचे कोवळे कोंब खातात. ट्रोकस उलटा पडला तरी स्वतः सरळ होतो, हा गुण फार मोठा. सी हेअर (एक समुद्री गोगलगाय) भरपूर खातो, पण खाणं संपलं की उपाशी मरतो. अप्लिसिया प्रकारच्या सी हेअरची जांभळी शाई तर तांबड्या शैवलातल्या रंगद्रव्यापासूनच बनते. ती शाई टाकीत सुटली तर कार्बन आणि पाणीबदल तयार ठेवा.

आणि हो, टँगला आपण क्लिपला लावून जी नोरी खायला देतो, तीही तांबडं शैवलच असते. त्याचं पोट आयत्या नोरीने भरत असेल तर तो दगडावरचं राठ गवत कशाला चावेल? काही आठवडे क्लिप रोजच्याऐवजी दोन दिवसांआड लावून बघा, मासा बारीक होत नाही ना एवढं मात्र पाहा.

हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं का?

चालतं, आणि तांबडी शैवलं त्याला बऱ्यापैकी घाबरतात. ३ टक्क्यांचंच घ्या. ३० टक्क्यांचं औद्योगिक पेरॉक्साइड कातडी भाजतं. दगड किंवा फ्रॅग प्लग (फ्रॅग चिकटवायची चकती) पाण्याबाहेर काढा, कोरलच्या मांसल भागाला न लावता शेवाळावर ब्रशने किंवा सिरिंजने लावा, दोन-तीन मिनिटं फेसू द्या, खाऱ्या पाण्यात धुवा आणि परत ठेवा. काही दिवसांत शेवाळ फिकट नारिंगी, मग पांढरं होतं आणि गोगलगायी ते साफ करतात.

थेट टाकीत घालणारे साधारण ४० लिटरला १ मिली रोज अशी मात्रा धरतात. मी ते टाळतो. क्लीनर आणि पेपरमिंट कोळंबी पेरॉक्साइडने दगावतात, शोभेची शैवलं जातात, आणि दगड बाहेर काढून करण्यासारखं काम पाण्यात ओतून करण्यात अर्थ नाही.

फ्लुकोनॅझोलने माझ्या मित्राचं सगळं शेवाळ गेलं. मीही घालू का?

मित्राकडे बहुधा ब्रायॉप्सिस हे हिरवं शेवाळ किंवा हिरवं केसाळ शेवाळ होतं. सायनो जीवाणू आहे, त्याच्यावर फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधाचा भरवसा धरू नका. लाल टर्फसाठीही नको.

नळाचं पाणी वापरतो. त्याने फरक पडतो?

पडतो. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबंही असतं, आणि उडालेल्या पाण्याची भर घालताना ते रोज टाकीत साचत जातं. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लावा आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य ठेवा. रेझिन थकायला लागलं की सिलिकेट सर्वात आधी निसटतं आणि टीडीएस मीटरला ते धड दिसत नाही. म्हणून काटा हलायची वाट न बघता रेझिन बदला.

दगडांवर गुलाबी-जांभळं कडक कवच चढतंय. तेही काढू?

मुळीच नाही! तो कोरलाइन आहे आणि त्याने व्यापलेल्या जागेवर टर्फला पाय ठेवायला कमी वाव मिळतो. क्षारता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास स्थिर ठेवा, तो वाढत जाईल. काचेवरचा तेवढा खरवडा.

वैतागलोय. सगळे दगड काढून उकळले तर?

उकळू नका. ही सूचना अगदी गंभीरपणे घ्या. झोअँथिड आणि पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, आणि असे दगड उकळल्यावर वाफेतून ते फुप्फुसात जाऊन अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ब्रशने घासतानाही हातमोजे आणि चश्मा घाला. एखादा दगड हाताबाहेर गेला असेल तर तो काढून उन्हात कित्येक आठवडे कडकडीत वाळवा. सगळे एकदम काढलेत तर मात्र टाकीतले उपयोगी जीवाणूही त्यांच्याबरोबर जातील आणि अमोनिया चढेल.

ते मुळात टाकीत आलं कुठून?

खरं लाल शेवाळ जवळजवळ नेहमी नव्या कोरलच्या बुडाशी, प्लगच्या खाचेत बसून येतं. किडे मारायला कोरल ज्यात बुडवतात त्या द्रावणाने (कोरल डिपने) ते मरत नाही. प्लग भिंगाखाली बघा. शक्य असेल तर कोरल कापून नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग फेका. चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलंत तर लपलेला कोंबही तोपर्यंत डोकं वर काढतो. कंटाळवाणं आहे, मान्य. टर्फ घासण्यापेक्षा कमी कंटाळवाणं.

किती दिवस लागतील?

सायनोला दोन ते सहा आठवडे. टर्फला सहा महिने धरा. दर आठवड्याला त्याच जागेचा, त्याच दिव्याखाली एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि न कळल्यामुळेच माणूस चौथ्या आठवड्यात बाटली उघडतो.

काढलेलं शेवाळ टाकायचं कुठे?

गटारात, ओढ्यात किंवा समुद्रात कधीच नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं हिरवं शैवल १९८४ मध्ये मोनाकोपाशी भूमध्य समुद्रात दिसलं आणि तिथून समुद्रतळावर दूरवर पसरलं. कॅलिफोर्नियात ते २००० मध्ये सापडलं आणि पूर्ण निपटायला २००६ उजाडलं. तुमच्या बादलीतलं शेवाळ वर्तमानपत्रावर पसरून उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मग कचऱ्यात टाका. बादलीतलं पाणी फेकण्याआधी त्यात थोडं ब्लीच घालून रात्रभर राहू द्या, आणि ती बादली पुन्हा टाकीच्या कामाला घेण्याआधी चांगली धुऊन वाळवून घ्या.